माळा रिकामा नाहीये, तो कामावर आहे

पत्र थोडक्यात असं. ताईंचं वय ३८, नवरा आणि दोन मुलं. नवऱ्याच्या पणजोबांनी बांधलेला बंगला, शंभरी कधीच उलटलेली, हेरिटेज यादीत नाव. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, पहिल्या मजल्यावर सासूसासरे, आत्याबाई (म्हणजे सासऱ्यांची बहीण, याच घरात वाढलेली) आणि उरलेल्या दीड खोलीत हे चौघं. वर अख्खा माळा पडून आहे, त्यात ट्रंका, मोडकी खुर्ची आणि धूळ. ताईंना तिथे चौघांसाठी घर करायचंय. एका डिझायनरने थ्रीडी चित्रं करून दिलीत, सगळं पांढरंशुभ्र, एकच मोठा हॉल, वर काच, मध्ये येणारी लाकडं गायब. ताई खूष, नवरा गप्प, आणि आत्याबाई म्हणाल्या, "माझ्या आजोबांच्या घराचं हॉटेल करू नका." सासूबाईंशी अजून नीट बोलणं झालेलं नाही, त्यांना सगळं ठरल्यावर सांगायचा बेत आहे. प्रश्न असा की जुन्याला धरून बसायचं की आजच्या काळात जगायचं, की हा नाद सोडून बाहेर सरळ फ्लॅट घ्यायचा? शेवटी ताजा कलम, तुळयांना पांढरा रंग दिला तर चालेल का?

ताई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वाटलं की हा बांधकामाचा प्रश्न आहे, दुसऱ्यांदा वाचताना कळलं की अर्धाच आहे. जुनी घरं दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे आधी लाकडाबद्दलच बोलतो, माणसांकडे नंतर येतो, आणि गंमत म्हणजे जिन्याचा विषय निघाला की दोन्ही एकत्रच येतात.

तुम्ही लिहिलंय "वरची जागा नुसती पडून आहे". इथेच मी थोडा अडतो. माळा पडून नसतो हो. छपरावर ऊन पडतं ती सगळी धग आधी तो माळा खातो, मग खालच्या खोल्यांना मिळते. कुठे गळलं तर पाणी तिथे पडतं, फटींतून येणाऱ्या वाऱ्याने सुकतं, आणि सुकलं नाही तरी निदान डाग दिसतो. शंभर वर्षं ते लाकूड टिकलंय ते काही फक्त चांगलं लाकूड होतं म्हणून नाही, त्याला सतत हवा लागत होती म्हणून पण टिकलंय. आता आपण तिथे फळ्या मारणार, जिप्समचे बोर्ड लावणार, रंग देणार, म्हणजे त्या छपराची खिडकी-दारं बंद करणार. करू नका असं मी म्हणत नाहीये, पण तो जे काम करतोय ते उद्यापासून कोण करणार हे ठरवल्याशिवाय त्याला कामावरून काढू नका.

आता ती "मध्ये येणारी लाकडं". तुम्ही फोटो पाठवलात ते बरं केलं. त्यात उतरत्या छपराच्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे लाकडी त्रिकोण, दिसतात, प्रत्येक कैचीला खाली एक जाड आडवी तुळई, जमिनीपासून वीतभर वर, पायात येणारी, आणि मधोमध एक उभा खांब. चित्रात दोन्ही उडवलेत. आडव्या तुळईचं काम समजायला घरातली घडीची शिडी आठवा, तिच्या दोन पायांमध्ये साखळी असते बघा, ती काढा आणि वर चढा. पाय फाकतात. तुमच्या बंगल्यात ते फाकणारे पाय म्हणजे तिरके वासे आणि ते ज्यावर टेकलेत त्या भिंती. तुळई कापली की दुसऱ्या दिवशी काही होत नाही, हाच तर घोळ आहे, भिंत वरच्या अंगाला हळूहळू बाहेर झुकायला लागते, कोपऱ्यात तडा येतो, आणि तोवर डिझायनरचं बिल चुकतं झालेलं असतं.

मधल्या खांबाची गोष्ट तर याहून मजेशीर. बघणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की तो छपराला खालून टेकू देतोय. उलटं आहे, तो वरून लटकलेला आहे! आढ्याशी, म्हणजे छपराच्या सगळ्यात उंच रेषेशी, वासे त्याला दोन्हीकडून चेपून धरतात आणि तो खालच्या तुळईला मधोमध वर उचलून धरतो, म्हणजे त्याच्यावर दाब नाही, ताण आहे. तुमच्या तिसऱ्या फोटोत खांबाच्या पायाशी एक गंजलेला लोखंडी पट्टा दिसतो, तुळईच्या खालून वळसा घालून दोन्ही बाजूंनी वर खांबाला मिळालेला आणि लोखंडी पाचरीने आवळलेला. टेकूच असता तर पट्टा कशाला लागला असता? मला हे एका म्हाताऱ्या सुतारकाकांनी टॉर्च मारून दाखवलं होतं, मी तेव्हा शिकाऊ होतो आणि नुकताच सगळ्यांसमोर ठासून म्हणालेलो की "हा खांब बिनकामाचा आहे". ते काही बोलले नाहीत, फक्त पट्ट्यावर हातोडीने टकटक केली आणि माझ्याकडे बघितलं. तसाच पट्टा तुमच्याकडे आहे.

(सगळ्याच कैच्या अशा नसतात. काहींना मध्ये खांब नसून दोन बाजूंना दोन खांब असतात आणि मधला भाग मोकळा, अशा कैचीत खोली आपोआपच निघते. पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांनी आपल्या माळ्यावर जाऊन आधी खांब मोजावेत.)

मग तुमच्याकडे घर होईल का? होईल कदाचित, पण आधी दोरी बांधा. चित्रातल्या माणसाची उंची किती धरलीये माहीत नाही, खरा माणूस उतरत्या छपराखाली कुठे ताठ उभा राहतो ते दोरीने कळतं. जमिनीपासून दोन मीटरवर एक दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन्ही पाख्यांना, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूंना, लागेल अशी, आणि दीड मीटरवर दुसरी. हिशोब सांगतो, समजा माळा आठ मीटर रुंद आहे आणि वासे थेट जमिनीच्या पातळीपासून निघतात. छपराचा उतार ४५ अंशांचा असेल तर मधे उंची चार मीटर आणि ताठ उभं राहता येईल अशी पट्टी चार मीटर रुंद, छान घर होतं. तोच उतार ३० अंशांचा असेल तर मधली उंची जेमतेम २.३ मीटर आणि उभं राहायची पट्टी फक्त एक मीटरच्या आसपास, म्हणजे बोळ. एवढाच माळा, एवढीच रुंदी, फक्त उतार वेगळा. आणि हे सगळं काम सुरू व्हायच्या आधीचं माप बरं का, कारण वरून उष्णतारोधक थर बसणार तो खाली येणार आणि खालून जमीन वर येणार.

जमीन वर का येणार ते पण सांगतो. माळ्याचा कडीपाट, म्हणजे आडव्या लाकडी कड्या आणि त्यांवरच्या फळ्या, बहुतेक वेळा खालच्या खोलीचं छत धरायला आणि चार ट्रंका ठेवायला केलेला असतो. राहत्या खोलीसाठी इंजिनियर साधारण दर चौरस मीटरला दोनशे किलो वजन धरतात, कारण माणसं येणार, पलंग येणार, आणि पुस्तकं, जी लोक कधीच मोजत नाहीत, मीटरभर फळी भरली की पंचवीस-तीस किलो सहज होतात. कड्या मजबूत करायच्या तर त्यांची खोली, म्हणजे वरून खालपर्यंतची उभी जाडी, वाढवावी लागते, आणि इथे निसर्ग आपल्या बाजूने आहे, कडीचा ताठपणा तिच्या खोलीच्या घनाच्या पटीत वाढतो, म्हणजे खोली सव्वापट केली की ताठपणा जवळजवळ दुप्पट. तेव्हा इंजिनियर म्हणाला की जुन्या कड्यांच्या मधल्या जागेत नव्या, जास्त खोल कड्या थेट भिंतीवर टेकवून टाकू, जुन्यांना आणि खालच्या छताला न चिकटता, तर त्याचं ऐका. जुनं छत जसंच्या तसं राहतं, पावलांचा आवाज खाली कमी जातो, उद्या कोणाला काढायचं झालं तर काढता येतं, आणि तुमच्या बाबतीत तर बोनस असा की नवी जमीन त्या वीतभर वर असलेल्या तुळयांच्या माथ्याशी आली की पायात येणाऱ्या तुळया जमिनीत जातात. कापायची गरजच संपली. बदल्यात वीतभर उंची गेली. ही वीत तुम्हाला परवडते की नाही ते दोरी सांगेल.

आणि सुतारांना बजावून ठेवा की खिळे ठोकायचे नाहीत, स्क्रू. तुमच्या सासूबाईंच्या खोलीचं छत पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा करून केलेलं दिसतंय, तो गिलावा पट्ट्यांच्या फटींतून वर आलेल्या बोटाबोटाएवढ्या गाठींवर लटकून असतो, वरून आठवडाभर हातोडी चालली की गाठी तुटतात आणि मग एखाद्या रात्री पसाभर छत पलंगावर.

आता "जुनं की आजचं" या भांडणाबद्दल. मला वाटतं आत्याबाई आणि तुम्ही दोघी एकच गोष्ट गृहीत धरून बसलाय, की दोन्हीतलं एकच राहू शकतं. तर गंमत ऐका, वारसा जपणाऱ्यांचा जो मोठा दस्तऐवज आहे, १९६४ चा व्हेनिस चार्टर, त्यातच म्हटलंय की जुन्या वास्तूत जे नवं करणं भागच आहे ते मूळ रचनेपासून वेगळं ओळखू यावं, त्यावर आजच्या काळाची छाप असावी. म्हणजे खोटं जुनं करू नका. कोरीव काम चिकटवलेला नवा कठडा, डाग पाडून म्हातारं केलेलं प्लायवुड, हे सगळं त्या हिशोबाने फसवणूकच. आणि ऑस्ट्रेलियातल्या तशाच एका दस्तऐवजाचा, १९७९ च्या बर्रा चार्टरचा (बर्रा हे गावाचं नाव), सूर असा की गरज असेल तेवढं सगळं करा पण शक्य तितकं कमी बदला. दोन्ही मिळून वाचलं तर तुमचं साधं, मोकळं, आजचं घर बसतं की त्यात! जे बसत नाही ते म्हणजे कापाकापी. त्यामुळे डिझायनरला इतकंच सांगा, पांढरं चालेल, काच चालेल, पण कैच्या जिथे आहेत तिथेच धरून नवीन चित्र काढ. तो चांगला असेल तर खांबांमधून पुस्तकांचं कपाट काढेल, मुलांची खोली आणि बैठक यांच्यातली सीमा तिथेच आखेल. आणि कैच्यांना हात लावल्याशिवाय जमतच नाही म्हणाला तर दुसरा बघा.

हवा आणि ओल याबद्दल मी जरा जास्त बोलणार, कारण इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. पूर्वी मी एका जुन्या घराच्या माळ्यावर राहायचो, काम माझंच, देखरेख माझीच. वाश्यांच्या मधे खनिज लोकर (उष्णता अडवायला भरतात ती) अगदी ठासून भरली, जितकी जास्त तितकं बरं असं वाटून, कौलांखालची हवेची फट बुजली, आणि खोलीच्या बाजूने वाफ अडवणारा पडदा लावायचा तो "नंतर बघू" म्हणून राहिलाच. चार माणसांच्या घरात श्वास, आंघोळ, स्वयंपाक, वाळत घातलेले कपडे मिळून दिवसाला दहाएक लिटर पाणी हवेत जातं. २० अंशांची हवा घनमीटरला सतराएक ग्रॅम वाफ धरते, १० अंशांची नऊच्या आसपास. तर आतली उबदार हवा फटीफटींतून गार कौलांपर्यंत पोचायची आणि तिथे तिचं पाणी व्हायचं. दोन हिवाळे मला वाटत होतं की छप्पर गळतंय, कौलं बदलली, परत बदलली, शेवटी एक बोर्ड उचकटला तर वाश्याची कड काळी पडलेली आणि नख लावलं की आत जात होतं. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला आमंत्रणच. तेव्हा कौलांखाली हवा खेळती राहील अशी फट, मग थर, मग आतून वाफेचा पडदा नीट चिकटवून, आणि बाथरूम-स्वयंपाकघरातून थेट बाहेर फेकणारा पंखा. कामगार यातलं काहीतरी गाळायला बघतील, तिथे उभं राहा.

उन्हाचं लवकर आटपतो. छपरातल्या खिडक्या उजेड भरपूर देतात आणि गरमीही, पडदा आतून लावला तर ऊन घरात येऊन मग अडतं, त्यामुळे सावली बाहेरून पाहिजे. खिडक्या रस्त्यावरून न दिसणाऱ्या पाख्यावर घेतल्या तर हेरिटेजवाल्यांशीही वाद कमी. आढ्यावरची ती लांबलचक काच मात्र विसरा, सगळ्यात गरम हवा जिथे जमते तिथेच तुम्ही भट्टीचं झाकण बसवताय.

संडास-बाथरूम कुठे येणार हे तुम्ही ठरवत नाही, पाइप ठरवतो. पाण्याला उतार लागतो, चाळीसला एक धरला तर चार मीटरला दहा सेंटीमीटर, आणि जमिनीखाली तेवढी जागा नसते. म्हणून खालच्या बाथरूमच्या बरोब्बर वर. चित्रात ते दुसऱ्या टोकाला आहे.

आणि आता जिना.

चित्रात कोपऱ्यात एक नाजूक गोल जिना दाखवलाय, दिसायला सुरेख. पण तुम्ही वर झोपाळू मूल कडेवर घेऊन जाणार, गादी नेणार, कधीतरी स्ट्रेचर खाली आणावं लागेल. चढायला सोप्या जिन्याचा हिशोब फ्रान्सच्या ब्लाँदेल नावाच्या वास्तुतज्ज्ञाने १६७५ साली मांडला तो अजून चालतो, पायरीची उंची दोनदा आणि रुंदी एकदा मिळवली की साधारण साठ ते चौसष्ट सेंटीमीटर यायला हवेत. तुमच्याकडे मजल्याची उंची तीन मीटर दिसते. सतरा सेंटीमीटरची चढण आणि एकोणतीसची पायरी धरली तर जवळपास अठरा चढण्या आणि पाच मीटर लांबी. हे पाच मीटर पहिल्या मजल्यावर कुठून येणार? मी नकाशावर मोजून बघितलं. ते आत्याबाईंच्या खोलीतून येतात.

मला माहीत नाही हे त्यांना कोणी सांगितलंय का. पण "हॉटेल करू नका" हे वाक्य मी तुमच्या जागी असतो तर परत एकदा ऐकलं असतं. कदाचित त्या आजोबांबद्दल बोलतच नसतील. हॉटेलात माणूस राहायला येतो आणि जातो, कायमची खोली कोणाचीच नसते. आणि सासूबाईंना सगळं ठरल्यावर सांगायचा तुमचा बेत, ताई, तो मला अजिबात पटला नाही. तुमच्या पायांचा आवाज त्यांच्या डोक्यावर होणार आहे, तुमचं दार त्यांच्या व्हरांड्यातून जाणार आहे. वेगळी चूल हवी ही इच्छा अगदी सरळ आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण ती माळ्याच्या आड लपवून सांगू नका, नाहीतर प्रत्येक भांडण बीम आणि काचेवरून होईल आणि मूळ गोष्ट तशीच राहील. मालकीचं पण याच बैठकीत बोला. तुमच्या पैशाने वर जे होईल ते कागदावर कोणाचं, आणि छप्पर गळलं तर दुरुस्ती कोणाची, हे लिहून घ्या, प्रेमाच्या माणसांनी तर आधी लिहून घ्यावं.

आगीचं एकच. जाड तुळई जळायला वेळ घेते, मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास कोळसा होतो, उघडं लोखंड साडेपाचशे-सहाशे अंशांना अर्धी ताकद टाकून देतं, त्यामुळे लाकडाला घाबरू नका. धुराला घाबरा. लाकडी जिना म्हणजे चिमणी, तुम्ही सगळ्यात वर. जिना दाराने बंद होणारा असावा, प्रत्येक मजल्यावर धुराचे अलार्म एकमेकांना जोडलेले, आणि निघायचा दुसरा मार्ग नियमात असो नसो शोधाच.

तर पर्याय तीन दिसतात मला. पूर्ण घर वर, म्हणजे स्वयंपाकघरासकट, हा सगळ्यात महाग आणि घराला सगळ्यात जड. दुसरा, वर फक्त झोपायच्या खोल्या आणि अभ्यास, आणि तुमची वेगळी चूल पहिल्या मजल्यावर तुमच्या आत्ताच्या दीड खोलीत, पाइपही वाचतात आणि वाफही. मला हा आवडतो. पाख्यांच्या कडेचा बुटका भाग नुसता कपाटांना सोडायचा. तिसरा फ्लॅट, तो वाईट नाहीच, दोरीने बोळ दाखवला किंवा आत्याबाईंना खोली सोडायची नसेल तर तोच करा, फक्त वैतागून करू नका.

काहीही ठरवायच्या आधी तिथे राहून बघा मात्र. गादी टाकून एक रात्र, भर उन्हातली एक दुपार, जोराचा पाऊस असताना एक तास. कमाल-किमान दाखवणारं थर्मामीटर लटकवून महिनाभर नोंद ठेवा. वटवाघळं असली तर दिसतील, बऱ्याच देशांत त्यांना हुसकावणं गुन्हा आहे. मग जुन्या लाकडाची जाण असलेला इंजिनियर, सिमेंट-सळईचाच अनुभव असलेला नको, मग हेरिटेजच्या कार्यालयात नुसत्या विचारपूशीची भेट, आणि डिझायनर सगळ्यात शेवटी. तुमचा क्रम नेमका उलटा झालाय, पण पैसे अजून फार गेलेले नाहीत.

राहिला ताजा कलम. पांढरा रंग भिंतींना आणि पाख्यांना द्या, बिनधास्त. तुळयांना नको. जुना रंग कुठे असेल तर घासायच्या आधी त्यात शिसं आहे का तपासून घ्या, मुलं आहेत घरात. आणि लाकूड उघडं "फ्रेश" करायला वाळूचा मारा करतात तो करू देऊ नका, कारण तुमच्या दुसऱ्या फोटोत, खांब आणि वासा मिळतात तिथे, पटाशीने मारलेल्या चार उभ्या रेघा आहेत, शेजारच्या वाश्यावर पण चार. ते ओरखडे नाहीत. कैची आधी खाली जमिनीवर जुळवून, खुणा करून, सुटी करून मग वर चढवायचे, कुठलं लाकूड कुठल्या लाकडाशी हे विसरू नये म्हणून, आणि पटाशीला सरळ रेघ सोपी म्हणून रोमन आकडे. ही तुमची चौथी कैची. बाकीचे आकडे शोधायला मुलांना टॉर्च देऊन वर पाठवा, आत्याबाईंना चढवत असेल तर त्यांनाही न्या, त्यांना हे लहानपणापासून माहीत असण्याची बरीच शक्यता आहे.